पाळकाचा मुलगा आणि चिनी मातीची कोंबडी

इ. स. १७०६ हे साल आपल्या मंडळ्यांत पुष्कळांना ठाऊक असते. त्या वर्षी ९ जुलैस बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्युट्शाउ हे दोघे तरुण तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट मिशनकार्यास आरंभ झाला. झीगेनबाल्ग हे जर्मनीतील सॅक्सनीच्या अधिपतीच्या अमलाखाली असलेल्या पुल्सनिट्झ गावचे. त्याच वर्षी, त्या गावापासून फार दूर नसलेल्या फिशबाख नावाच्या खेड्यात, लुथरन पाळकाच्या घरी एक मुलगा जन्मला. पुढे तो मिशनरी झाला नाही की पाळकही झाला नाही. त्याने जन्मभर माकडे, कोंबड्या, बकऱ्या, मोर आणि हंस घडविले. ते सारे चिनी मातीचे, आणि त्यांतील काहींच्या पोटात चहा ओतता येत असे. त्याचे नाव योहान योआखिम केंडलर. युरोपातील जुन्या चिनी भांड्यांची गोष्ट निघाली की आजही पहिल्याने हेच नाव घेतले जाते.

मंडळीच्या मासिकात चहादाणीचे काय काम, असे कोणी विचारील. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात बसालेलाविषयी जे सांगितले आहे ते ज्यांनी वाचले आहे, ते असे विचारणार नाहीत असे आम्हांस वाटते. देवाने माणसाच्या बोटांत कसब घातले म्हणजे त्या कसबाचे पुढे काय होते, कोण ते विकत घेतो आणि कशासाठी वापरतो, हा प्रश्न केंडलर यांच्या चरित्रात पानोपानी भेटतो.

प्रथम थोडे चिनी मातीविषयी. आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीची बरणी म्हणतो, पण ती जाड असते आणि तिच्यातून उजेड आरपार जात नाही. खरे पोर्सलेन पांढरेशुभ्र, पातळ आणि काचेसारखे टणक. दिव्यापुढे धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. हे करण्याची विद्या शेकडो वर्षे चीनकडे व पुढे जपानकडे होती. युरोपातले राजे ती भांडी जहाजांनी आणवीत आणि सोन्याच्या मोलाने घेत. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्ट, ज्याला त्याच्या अंगबळामुळे बलवान ऑगस्ट म्हणत, तो तर ह्या भांड्यांपायी वेडा झाला होता. इ. स. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि मोबदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यांतील मोठे रांजण ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांना अजून त्या घोडेस्वारांच्याच नावाने ओळखतात. सहाशे माणसे आणि दीडशे भांडी! त्या सैनिकांना आयांनी वाढविले होते, पाळकांनी बाप्तिस्मा दिला होता, आणि राजाने ते मडक्यांच्या हिशेबात मोजले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी गुलामगिरीचा धडा घेताना ही गोष्ट अवश्य सांगावी.

ह्याच राजाने बॉटगर नावाच्या एका तरुणाला कैदेत ठेवले होते. हलक्या धातूचे सोने करतो अशी त्याची ख्याती झाली होती. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस नावाच्या विद्वान गृहस्थाबरोबर भट्टीपुढे वर्षे काढल्यावर इ. स. १७०८ मध्ये त्यास पांढऱ्या पोर्सलेनचे रहस्य सापडले. इ. स. १७१० मध्ये माइसेन गावाच्या टेकडीवरील आल्ब्रेख्टस्बुर्ग ह्या जुन्या किल्ल्यात राजाने कारखाना घातला. किल्लाच का, तर रहस्य बाहेर जाऊ नये म्हणून. बिचारा बॉटगर १७१९ साली, चाळिशीही न गाठता वारला.

केंडलर तेव्हा तेरा वर्षांचे होते. पाळकाचे घर म्हणजे तेथेही आपल्यासारखेच: पैसा थोडा आणि पुस्तके पुष्कळ. वडिलांनी मुलास पवित्र शास्त्राबरोबर ग्रीक व रोमी लोकांच्या कथाही शिकविल्या. मुलाचा हात मातीकडे ओढतो हे पाहून त्यांनी त्याला ड्रेस्डेनला दरबारी शिल्पकार बेन्यामिन टोमे यांच्या हाताखाली ठेवले. ह्या वडिलांविषयी आम्हांस फार आदर वाटतो. आपल्याकडे पाळकाच्या मुलाने पाळकच व्हावे, निदान शिक्षक तरी व्हावे, असा मंडळीचा आग्रह असतो. मुलगा सुतारकाम किंवा चित्रकला शिकतो म्हटले की वडीलधारी मंडळी माना हलवितात. नासरेथच्या घरात कोणता धंदा चालत होता हे त्या वेळी त्यांना आठवत नाही.

इ. स. १७३० मध्ये केंडलर यांचे काम राजाच्या नजरेस पडले आणि त्यांस दरबारी शिल्पकाराचे पद मिळाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांना माइसेनला पाठविण्यात आले. राजाच्या डोक्यात एक मोठा बेत होता. ड्रेस्डेनच्या नदीकाठचा एक वाडा त्याने घेतला होता. त्याला जपानी वाडा म्हणत. तो आतून सर्व पोर्सलेनने भरावयाचा आणि त्याच्या दालनांत जवळजवळ ६०० प्राणी व पक्षी मांडावयाचे, तेही होता होईल तो मूळ आकाराचे. शलमोनाची जहाजे सोन्यारुप्याबरोबर वानर व मोर आणीत असे आपण राजांच्या पहिल्या पुस्तकात वाचतो. ह्या राजाला ते मातीचे हवे होते.

काम अतिशय कठीण होते. भट्टीत पोर्सलेन सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या तापात ते साधारण सहाव्या हिश्शाने आकसते. वाटी आकसली तर सगळीकडून सारखी आकसते. पण चार पायांवर उभा असलेला मोठा बोकड आकसू लागला म्हणजे पोट एकीकडे ओढते, पाय दुसरीकडे, आणि अंगाला भेगा पडतात. ते मोठे प्राणी आज पाहिले तर अनेकांच्या अंगावर भट्टीतल्या भेगा स्पष्ट दिसतात. रंग पक्का करण्यासाठी त्यांना पुन्हा भट्टीत घालण्याची कोणाची छाती झाली नाही, म्हणून त्यांवर कच्चा रंग लावला आणि तो पुढे निघून गेला.

केंडलर येण्याआधी किर्खनर नावाचे शिल्पकार तेथे होते. त्यांनी केलेल्या गेंड्याची हकीकत आम्हां भारतीयांना जवळची आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला होता. तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. त्याचे वर्णन ऐकून ड्यूरर या थोर चित्रकाराने, गेंडा डोळ्यांनी न पाहताच, चित्र काढले आणि त्याच्या मानेवर एक जादा शिंग बसविले. पुढे दोनशे वर्षे सारा युरोप तोच गेंडा खरा मानीत आला आणि किर्खनर यांनीही तसाच केला. केंडलर यांची रीत वेगळी होती. राजाने बाळगलेल्या पशुपक्ष्यांपुढे ते बसून राहत, जिवंत प्राणी नसेल तर पेंढा भरलेला पाहत, आणि पाहिल्यावाचून हात मातीला लावीत नसत. म्हणून त्यांचा पक्षी नुसता पक्षी दिसत नाही. तो आत्ता दाणा टिपील, आत्ता मान वळवील असे वाटते. आपल्या शब्बाथ शाळांतून आपण मुलांना आकाशातील पाखरांकडे पाहा असे शिकवितो, पण आपण स्वतः किती वेळ पाहतो?

किर्खनर गेले आणि १७३३ मध्ये केंडलर घडणविभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीस राजा वारला. जपानी वाड्याचा बेत काही वर्षे रेंगाळला आणि अर्धवटच राहिला. नव्या राजाचे मन चित्रांत होते. मग ह्या माणसाने आपली नजर लहान वस्तूंकडे वळविली, आणि चहादाण्या आल्या त्या ह्या काळात, १७३५ च्या आगेमागे.

चीनमधून प्राण्यांच्या आकाराची भांडी युरोपात आधीपासून येत होती. केंडलर यांनी ती कल्पना घेतली आणि आपली केली. त्यांनी कोंबड्याच्या आकाराची चहादाणी केली, पिल्लांसह बसलेल्या कोंबडीची केली, पिल्लाला धरून बसलेल्या माकडिणीची केली. हे काम दिसते तितके खेळाचे नाही. मूर्तीला नुसते दिसावे लागते, चहादाणीला चालावेही लागते. आतून पोकळ हवे, झाकण पाठीवर असे बसले पाहिजे की पिसांत किंवा केसांत त्याची चीर लपावी, धरावयास मूठ हवी, आणि चोच किंवा तोंड भांड्याच्या काठाइतके उंच हवे. ते खाली राहिले तर भांडे पुरते भरण्याआधीच चहा बाहेर सांडतो. आम्ही राहतो त्या उज्जैनच्या नानाखेडा भागात बसथानकाजवळच्या टपरीवर जी जर्मनची किटली असते, तिची तोटी पाहा; ती झाकणाच्या काठापर्यंत वर गेलेली असते ती ह्याच कारणाने. हा नियम पाळून शिवाय कोंबडी ती कोंबडीच दिसली पाहिजे! अशी वस्तू एका साच्यात होत नसे. मूळ नमुन्याचे तुकडे करून प्रत्येकाचा प्लॅस्टरचा साचा घेत, त्यांतून निघालेले ओले भाग पातळ मातीने जोडीत, सांधे पुशीत, वाळवीत, भाजीत, झिलई देऊन पुन्हा भाजीत, आणि रंग देऊन आणखी एकदा. जोडणारे, भाजणारे, रंगविणारे कारागीर वेगवेगळे होते. त्यांची नावे वहीत राहिली, संग्रहालयाच्या पाटीवर आली नाहीत.

पिल्लांसह असलेल्या त्या कोंबडीविषयी आम्हांस एक वाटते. यरुशलेमेकडे पाहून प्रभूने कोंबडीचा दाखला दिला, तो मत्तयाच्या २३व्या अध्यायात आहे. पाळकाच्या घरात वाढलेल्या केंडलर यांनी तो लहानपणापासून ऐकला असणारच. त्यांच्या मनात तोच होता असे म्हणावयास कागदोपत्री आधार नाही आणि आम्ही तसे म्हणत नाही. दरबारातल्या बायकांना चहाच्या टेबलावर गंमत हवी होती, त्यांनी ती दिली. तरीपण आई आणि पिल्लू ही जोडी त्यांच्या हातून पुन्हा पुन्हा घडली, माकडिणीतसुद्धा.

ह्यानंतर त्यांचे नाव सर्वत्र झाले ते हंसांच्या भोजनसाहित्यामुळे. राजाचा मंत्री ब्रूल, जो कारखान्याचाही मुख्य होता, त्याच्यासाठी १७३७ ते १७४२ ह्या काळात शंभर माणसांच्या पंगतीला पुरतील असे २,००० हून अधिक नग केले गेले. प्रत्येक ताटावर पाणी, लव्हाळी आणि हंस उठावात घडविलेले. त्यासाठी केंडलर ड्रेस्डेनला जाऊन तीन दिवस नुसते शिंपले पाहत व त्यांची चित्रे काढीत बसले. काम अप्रतिम आहे, पण ब्रूलच्या हाती राज्याचा कारभार असताना सॅक्सनी कर्जात बुडाली हेही तितकेच खरे. हे साहित्य त्याच्या वंशजांकडे दोनशे वर्षे राहिले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्यातला मोठा भाग फुटला वा नाहीसा झाला. ब्रूलच्या शिंप्याचीही एक गोष्ट सांगतात. त्याने मंत्र्याच्या पंगतीत बसण्याची मागणी केली, तेव्हा ब्रूलने केंडलरकडून बकऱ्यावर बसलेला शिंपी करवून तो मेजावर मांडला. गोष्ट दंतकथा असेल; बकऱ्यावरचा शिंपी मात्र खरा आहे, १७३७ मधला. कारागीर माणसाची ही थट्टा दुसऱ्या कारागिराने मातीत उतरविली, हे आम्हांस आवडत नाही.

धर्माच्या बाबतीत केंडलर यांची परिस्थिती चमत्कारिक होती. पोलंडचे राज्य मिळावे म्हणून बलवान ऑगस्टने १६९७ मध्ये रोमन कॅथॉलिक पंथ स्वीकारला होता. त्याची प्रजा लुथरनच राहिली, आणि त्याची राणी क्रिस्टियाने एबरहार्डिने हीसुद्धा मरेपर्यंत, म्हणजे १७२७ पर्यंत, आपल्या विश्वासापासून ढळली नाही. अशा दरबारात पाळकाच्या ह्या मुलाने ऑस्ट्रियाच्या वृद्ध सम्राज्ञीसाठी बारा प्रेषितांच्या मूर्ती घडविल्या, वधस्तंभाचा मोठा देखावा घडविला, आणि १७४० च्या सुमारास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मरणाचाही. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले आणि त्यांचा देह आपल्या जुन्या गोव्यात आहे. लुथरन हातांनी जेझुइट संताचे मरण घडविले आणि ते श्रद्धेने घडविले. त्या काळातले पंथांचे वैर लक्षात घेता ही लहान गोष्ट नव्हे.

कारखान्यात मात्र शांती नव्हती. हेरोल्ट हे रंगविभागाचे प्रमुख. त्यांना सपाट भांडे हवे, कारण त्यावर चित्र चांगले उमटते. केंडलर यांना उठाव हवा, आणि उठाव आला की चित्राला जागा उरत नाही. दोघांची तक्रारपत्रे वरिष्ठांकडे वर्षानुवर्षे जात होती. आपल्या पंचकमिट्यांत बसणाऱ्यांना हे नवे नाही. केंडलर यांचा स्वभावही फार मवाळ नसावा.

मग तो घोडा आला. नव्या राजाचा, तिसऱ्या ऑगस्टचा, घोड्यावर बसलेला पुतळा पोर्सलेनचा करावयाचा, तोही तीन मजली घराएवढा उंच. हा केंडलर यांचा ध्यास झाला. १७५० नंतरची वर्षे त्यांनी त्यात घातली. लहान नमुना झाला, तो ड्रेस्डेनला आहे. पूर्ण आकाराचा प्लॅस्टरचा नमुनाही उभा राहिला. आणि १७५६ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिकचे सैन्य सॅक्सनीत शिरले. सात वर्षांचे युद्ध सुरू झाले. कारखाना शत्रूच्या ताब्यात गेला, तयार माल विकला गेला, हेरोल्ट फ्रँकफुर्टला गेले. केंडलर आपल्या कामगारांबरोबर माइसेनलाच राहिले. ज्या राजाने आपला देश लुटला त्याच्याच मागणीप्रमाणे त्यांना भांडी करावी लागली, पण भट्टी विझली नाही आणि घरांतल्या चुली विझल्या नाहीत. त्यांचे सहकारी मायर १७६१ मध्ये बर्लिनला गेले. हे गेले नाहीत. आम्ही विचाराल तर त्यांच्या आयुष्यातील मोठेपण येथे आहे, घोड्यात नाही.

१७६३ मध्ये युद्ध संपले, त्याच वर्षी राजा आणि ब्रूल दोघेही वारले, आणि पुतळ्याचे नाव घेणारा कोणी उरला नाही. केंडलर यांना ह्याचे अतिशय दुःख झाले. आपल्या हातून जे सर्वांत मोठे व्हावयाचे ते झाले नाही असेच त्यांना वाटत राहिले. येथे आमचे त्यांच्याशी जमत नाही. तो घोडा पुरा झाला असता तर एका दुबळ्या राजाचे स्मारक उभे राहिले असते आणि बहुधा भेगाळून पडलेही असते. कोंबडीची चहादाणी कोणाचेही स्मारक नाही. यिर्मयाला देवाने कुंभाराच्या घरी पाठविले तेव्हा चाकावर काही राजाचा पुतळा नव्हता, रोजच्या वापरातले मडके होते.

शेवटची वर्षे उतरणीची गेली. १७६४ मध्ये फ्रान्सहून आसिये नावाच्या शिल्पकारास आणून त्यांच्या बरोबरीचे पद दिले. लोकांची आवड बदलली होती. विंकेलमान यांच्यासारखे विद्वान पोर्सलेनच्या मूर्तींना पोरखेळ समजू लागले होते. त्यांना ग्रीकांचा शुभ्र संगमरवर हवा होता. केंडलर सत्तरीकडे झुकले तरी काम करीत होते. माइसेनमध्ये त्यांनी ४४ वर्षे काढली आणि तेथेच १८ मे १७७५ रोजी त्यांचा अंत झाला.

कारखाना १८६० नंतर किल्ल्यातून खाली गावात नेण्यात आला आणि तो अद्याप चालू आहे. भांड्याच्या तळाशी निळ्या रंगात काढलेल्या दोन आडव्या तलवारी ही त्याची खूण. केंडलर यांच्या नमुन्यांवरून तेथे अजूनही मूर्ती काढतात. आपल्याकडे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपातील पोर्सलेनचा मोठा संग्रह आहे. सहलीला जाणाऱ्या शब्बाथ शाळांनी तेथील काचेच्या कपाटांपुढे थोडा वेळ थांबावे आणि मुलांना भांड्यांच्या चोची, मुठी व झाकणाच्या चिरा शोधून काढावयास सांगावे.